मुलांमागून जन्मलेला बाप: रॅग्नार लोथब्रोकच्या आख्यायिकेचा आढावा

नवव्या शतकातल्या व्हायकिंगांपैकी आज जगभर सर्वांत जास्त लोकांना ठाऊक असलेलं नाव म्हणजे रॅग्नार लोथब्रोक. आणि नेमका हाच माणूस खरोखर होऊन गेला का, यावर अभ्यासकांचं अजून एकमत झालेलं नाही. त्याचे म्हणून सांगितले जाणारे मुलगे मात्र इतिहासात ठसठशीत उभे आहेत. त्यांनी बुडवलेली राज्यं, त्यांच्या फौजेने मारलेले राजे, त्या फौजेच्या छावण्यांच्या जागा हे सगळं आज दाखवता येतं. मुलगे खरे आणि बाप संशयास्पद, अशी ही विलक्षण स्थिती आहे. ती कशी निर्माण झाली हे समजून घेतलं, तर एका लुटारूच्या चरित्रापेक्षा मोठी गोष्ट हाती लागते: लूट आणि आक्रमण यांना मागाहून मान्यता कशी मिळवून दिली जाते, ती गोष्ट.

कथा थोडक्यात अशी. रॅग्नार हा डेन्मार्कचा राजपुत्र. डांबरात उकळलेले केसाळ कपडे अंगावर चढवून त्याने एका अजस्र सर्पाला ठार केलं आणि त्या सर्पाच्या पहाऱ्यात असलेल्या थोराशी लग्न केलं. त्या कपड्यांवरून त्याला लोथब्रोक, म्हणजे केसाळ विजारवाला, हे नाव पडलं. थोरा वारल्यावर त्याला आस्लॉग भेटली. सिगुर्ड या महावीराची ही मुलगी एका शेतकऱ्याच्या घरी मोलकरणीसारखी वाढत होती. तिच्यापासून त्याला इव्हार, ब्यॉर्न, सिगुर्ड असे मुलगे झाले. मुलांची कीर्ती आपल्यापुढे जाते आहे हे पाहून रॅग्नारला राहवेना. बायकोचं न ऐकता तो अवघी दोन जहाजं घेऊन इंग्लंडवर चालून गेला. नॉर्थम्ब्रियाचा राजा एला याने त्याला पकडून सापांच्या खड्ड्यात टाकलं. बापाच्या मरणाचा सूड घ्यायला मुलगे प्रचंड सैन्यासह आले आणि त्यांनी एलाचे हालहाल करून प्राण घेतले.

ही कथा या रूपात तेराव्या शतकात आइसलँडमध्ये सागा, म्हणजे गद्य वीरकथा, म्हणून लिहिली गेली, म्हणजे घटनांनंतर चारशे वर्षांनी. मराठी वाचकाला बखर आणि समकालीन कागदपत्र यांतला फरक सांगावा लागत नाही. इथेही तीच विवेकबुद्धी वापरायची आहे. म्हणून सुरुवात समकालीन नोंदींपासून करू.

पॅरिस, इसवी सन ८४५

८४५ सालच्या मार्च महिन्यात १२० जहाजांचा ताफा सीन नदीतून वर चढत पॅरिसपर्यंत पोहोचला. ही नोंद सेंट बर्टिनच्या वार्षिक वृत्तांत आहे. पश्चिम फ्रँक राजा चार्ल्स द बाल्ड याने सैन्याचे दोन भाग करून नदीच्या दोन्ही काठांवर उभे केले. हल्लेखोरांनी त्यातल्या एका भागाचा पाडाव केला आणि पकडलेल्या १११ जणांना दुसऱ्या काठावरच्या सैन्याच्या डोळ्यांदेखत फाशी दिलं, असं एका समकालीन धार्मिक वृत्तांतात सांगितलं आहे. पॅरिस लुटलं गेलं. शेवटी ७,००० पौंड चांदी मोजून चार्ल्सने त्यांना परत पाठवलं.

या टोळीच्या म्होरक्याचं नाव फ्रँक साधनांमध्ये रेगिनहेरी किंवा रागेनारियस असं येतं. रॅग्नार या नावाचंच हे लॅटिन वळण. म्हणजे पॅरिसवर चालून गेलेला रॅग्नार नावाचा एक डेन नक्कीच होता. पण हीच साधनं पुढे सांगतात, की लूट घेऊन परतल्यावर डेन राजा होरिक याच्या दरबारी तो लगोलग रोगाने मेला. पॅरिसच्या संत जर्मेनच्या मठाची विटंबना केल्याचं हे फळ, असा भिक्षूंनी अर्थ लावला. तो अर्थ बाजूला ठेवला तरी मृत्यूची नोंद शिल्लक राहते, आणि आख्यायिकेच्या मार्गातला सर्वांत मोठा अडसर तोच आहे. ८४५च्या सुमारास डेन्मार्कात वारलेला माणूस वीस वर्षांनी एलाच्या खड्ड्यात मरू शकत नाही, कारण एला नॉर्थम्ब्रियाच्या गादीवर आला तोच ८६०च्या दशकात.

मुलग्यांच्या नोंदी

आता मुलग्यांकडे वळू. अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल हे इंग्लंडमधलं वर्षवार इतिवृत्त सांगतं, की ८६५ साली एक मोठं परधर्मी सैन्य ईस्ट अँग्लियाच्या किनाऱ्यावर उतरलं. तिथे त्यांनी घोडे मिळवले, हिवाळा काढला आणि ८६६च्या शरद ऋतूत यॉर्क घेतलं. नॉर्थम्ब्रियात तेव्हा एला आणि ऑस्बर्ट या दोन राजांत यादवी चालू होती. परचक्र आल्यावर दोघे एक झाले. २१ मार्च ८६७ रोजी त्यांनी यॉर्कवर प्रतिहल्ला केला आणि दोघेही लढाईत पडले. क्रॉनिकलमध्ये यापलीकडे काही नाही. सूड नाही, साप नाहीत, छळ नाही.

८६९ साली याच सैन्याने ईस्ट अँग्लियाचा राजा एडमंड याला मारलं. पुढे तो संत मानला गेला. जवळजवळ सव्वाशे वर्षांनी फ्लरीच्या आबो या भिक्षूने त्याच्या हौतात्म्याचं चरित्र लिहिलं. त्यात हिंग्वार आणि हुब्बा अशी सैन्याच्या नायकांची नावं येतात, म्हणजे आख्यायिकेतले इव्हार आणि उब्बा. आयर्लंडच्या नोंदींत डब्लिनचा राजा ईमार भेटतो. ८७० साली ओलाफ या दुसऱ्या नॉर्स म्होरक्याबरोबर त्याने स्कॉटलंडमधल्या डम्बार्टनच्या खडकाळ किल्ल्याला चार महिने वेढा घालून तो घेतला. ८७३ साली तो वारला तेव्हा अल्स्टरच्या वृत्तांनी त्याला सगळ्या आयर्लंड आणि ब्रिटनमधल्या नॉर्समनांचा राजा म्हटलं. हा ईमार म्हणजेच इव्हार, असं बहुतेक अभ्यासक मानतात. इंग्लंडवर उतरलेल्या सैन्याचा आणखी एक नायक हाफ्डान याने ८७६ साली नॉर्थम्ब्रियाची जमीन आपल्या माणसांत वाटून दिली आणि ते नांगर धरून शेतीला लागले. ८७८ साली डेव्हनमध्ये २३ जहाजं घेऊन उतरलेला एक सेनानी मारला गेला. क्रॉनिकल त्याला इव्हार आणि हाफ्डान यांचा भाऊ म्हणतं. ब्यॉर्नसुद्धा काल्पनिक नाही. सीन नदीच्या खोऱ्यात धुमाकूळ घालणाऱ्या या नावाच्या म्होरक्याने ८५८ साली चार्ल्स द बाल्डपुढे निष्ठेची शपथ घेतल्याची नोंद फ्रँक साधनांत आहे.

या सगळ्या नोंदी शत्रूंच्या आहेत. त्या परस्परांपासून स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या देशांत लिहिल्या गेल्या. त्यांच्यात भाऊ भेटतात, जहाजांचे आकडे भेटतात, तारखाही भेटतात. या मंडळींचा बाप रॅग्नार होता, असं मात्र एकही समकालीन लेखक म्हणत नाही.

बापाचा प्रवेश

बाप पुस्तकांत शिरतो तो दोनशे वर्षांनी, आणि तोही तुकड्यातुकड्यांनी. १०७०च्या सुमारास नॉर्मंडीतला ज्युमिएजचा विल्यम हा इतिहासकार ब्यॉर्नला लोथब्रोक राजाचा मुलगा म्हणतो. त्याच दशकात जर्मनीतला ब्रेमेनचा ॲडम हा लेखक इव्हारला लोथब्रोकचा अत्यंत क्रूर मुलगा म्हणतो. दोघांनाही रॅग्नार हे नाव माहीत नाही. रॅग्नार आणि लोथब्रोक ही नावं जोडून येतात ती बाराव्या शतकात. आरी थोर्गिल्सनने ११२० ते ११३५च्या दरम्यान लिहिलेल्या आइसलँडच्या छोटेखानी इतिहासात, रॅग्नार लोथब्रोकचा मुलगा इव्हार याने संत एडमंडला मारलं त्या काळात आइसलँडमध्ये वस्ती झाली, असा कालनिर्देश येतो. आपल्या देशाच्या जन्मवेळेला त्याने या घराण्याचा खुंटा ठोकला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ऑर्कनी बेटांवर मेसहाउ नावाचं अश्मयुगीन थडगं आहे. बाराव्या शतकात त्यात शिरलेल्या नॉर्स लोकांनी भिंतींवर रून लिपीत लेख कोरून ठेवले. त्यातल्या एकात लोथब्रोकचा आणि पराक्रमी मुलग्यांचा उल्लेख आहे. त्यात लोथब्रोकसाठी स्त्रीलिंगी सर्वनाम वापरलेलं दिसतं. यावरून आणि इतर पुराव्यांवरून रोरी मॅकटर्क या अभ्यासकाने १९९१ साली असा तर्क मांडला, की लोथब्रोक हे मुळात एका स्त्रीचं नाव असावं आणि रॅग्नार हा वेगळा पुरुष पुढे त्या नावाला चिकटला असावा. हा तर्क सर्वांना पटलेला नाही. आल्फ्रेड स्मिथने १९७७ साली याच्या अगदी उलट, एकच ऐतिहासिक रॅग्नार गृहीत धरून नवव्या शतकाची मांडणी केली होती. तीवर काळाच्या घोळावरून कडक टीका झाली. एलिझाबेथ ॲशमन रो यांच्या २०१२ सालच्या ग्रंथाने प्रश्नाची दिशाच बदलली. रॅग्नार कोण होता याबरोबरच, त्याची कथा कोणत्या काळात, कुठे आणि कोणत्या गरजेतून वाढली, हे त्यांनी शोधलं.

मला ही दिशा सर्वांत फलदायी वाटते. पॅरिसचा रेगिनहेरी, कुणी एक लोथब्रोक आणि इतर काही सरदारांच्या आठवणी यांचं मिश्रण होऊन हा पुरुष तयार झाला, हे उपलब्ध पुराव्याशी सर्वाधिक जुळतं. मुलग्यांचे पराक्रम आधी घडले. त्यांना शोभेल असा बाप नंतर लागला.

साक्सो आणि सागा

१२००च्या सुमारास साक्सो ग्रामाटिकस या डॅनिश विद्वानाने लॅटिनमध्ये डेन लोकांचा इतिहास लिहिला. त्याच्या नवव्या खंडात रॅग्नार एक सार्वभौम सम्राट होतो आणि स्वीडन, नॉर्वे, ब्रिटन, रशिया असा सगळीकडे दिग्विजय करतो. डेन्मार्क तेव्हा बाल्टिक समुद्रावर सत्ता वाढवत होता. त्या महत्त्वाकांक्षेला पुराणपुरुष हवा होता आणि साक्सोने तो दिला. पुरुषवेषात लढणारी रॅग्नारची बायको लागेर्था आपल्याला साक्सोकडूनच मिळते. आइसलँडच्या सागेत ती नाहीच.

सागेने वेगळा मार्ग धरला. तिच्या मुख्य हस्तलिखितात ती व्हॉल्सुंग घराण्याच्या सागेला जोडूनच येते. आस्लॉगला त्याच घराण्यातल्या सिगुर्डची मुलगी करून सागेने रॅग्नारच्या वंशाला दैवी वीरांची नाळ जोडली. आस्लॉग हे पात्र मात्र निव्वळ वंशावळीची सोय म्हणून उरत नाही. ना कपडे घालून, ना उघडी. ना जेवलेली, ना उपाशी. ना एकटी, ना कुणा माणसासोबत अशी ये, असा निरोप रॅग्नार तिला पाठवतो. ती अंगाभोवती जाळं गुंडाळून वर केस मोकळे सोडते, कांद्याच्या जातीची भाजी नुसती चाखते आणि सोबत कुत्रं घेते. नवऱ्याच्या शेवटच्या मोहिमेतला मूर्खपणा तिलाच आधी कळतो. तिने दिलेला अंगरखा अंगावर असेतो साप त्याला डसत नाहीत. तो काढून घेतल्यावरच तो मरतो.

या सागेतला रॅग्नार मुलांच्या कीर्तीशी स्पर्धा करायला निघतो, हा तपशील मला फार बोलका वाटतो. सागा लिहिणाऱ्यांच्या हाती मुलांचे पराक्रम भरपूर होते आणि बापाचे थोडे. ती विषमता कथेनेच बापाच्या मनातली सल करून टाकली.

सापांचा खड्डा कशासाठी

इंग्लंडमध्ये विषारी सापाची एकच जात आढळते, ॲडर. तिच्या दंशाने माणूस क्वचितच मरतो. त्यामुळे तिथे सापांच्या खड्ड्यात कुणाला मारलं असेल, हे संभवत नाही. हा प्रसंग जुन्या वीरकथांतून आलेला आहे. बर्गंडीचा राजा गुन्नार सापांच्या खड्ड्यात हात बांधलेले असताना पायांनी वीणा वाजवत मरतो, ही कथा आधीपासून लोकांना प्रिय होती. नॉर्वेतल्या हायलेस्टाडच्या लाकडी चर्चच्या कोरीव दारावर ती आजही पाहता येते.

पण प्रसंग उसना असला तरी त्याचं काम महत्त्वाचं आहे. सापांचा खड्डा नसेल, तर ८६५ची स्वारी ही जमीन आणि चांदीसाठी केलेली स्वारी उरते. खड्डा आला की तीच स्वारी मुलांचं कर्तव्य ठरते. नॉर्स समाजात बापाच्या खुनाचा सूड घेणं हा मानाचा आणि कुळाचा प्रश्न होता. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्यांच्या वंशजांना, आणि त्यांच्याशी नातं सांगणाऱ्या आइसलँडच्या घराण्यांना, आपल्या पूर्वजांनी ही भूमी का घेतली याचं उत्तर या एका प्रसंगात मिळालं.

इंग्रजांनीही हीच युक्ती वापरली. तेराव्या शतकातला रॉजर ऑफ वेंडओव्हर हा भिक्षू सांगतो, की वादळात सापडून लोथब्रोक ईस्ट अँग्लियाला लागला. राजा एडमंडने त्याचं स्वागत केलं, पण राजाच्या शिकाऱ्याने मत्सराने त्याचा खून केला. शिक्षा म्हणून त्या शिकाऱ्याला समुद्रात सोडून दिलं. तो डेन्मार्कला पोहोचला आणि खुनाचं खापर त्याने एडमंडवर फोडलं. इथे संत निर्दोष राहतो आणि आक्रमणालाही कारण मिळतं. एकच आक्रमण, आणि जिंकणारे व हरणारे दोघेही त्यामागे बापाचं प्रेत ठेवतात.

एलाच्या मृत्यूचंही असंच झालं. मुलग्यांनी त्याच्या पाठीवर गरुड कोरला, बरगड्या पाठीकडून उघडून फुफ्फुसं बाहेर ओढली, असं वर्णन उत्तरकालीन ग्रंथांत वाढत जातं. सर्वांत जुना आधार मात्र अकराव्या शतकातल्या सिग्वाट या दरबारी कवीच्या एका त्रोटक कडव्याचा आहे. १९८४ साली रॉबर्टा फ्रँक यांनी दाखवून दिलं, की रणांगणावरच्या प्रेतावर तुटून पडणारा गरुड ही नॉर्स काव्यातली नेहमीची प्रतिमा आहे आणि पुढच्या लेखकांनी तिचंच छळाच्या विधीत रूपांतर केलं असावं. अलीकडे काही अभ्यासकांनी शरीरशास्त्राच्या अंगाने विचार करून असं करणं अशक्य नव्हतं, मात्र माणूस पहिल्याच टप्प्यात मेला असता, असं मांडलं. करता येण्याजोगं होतं म्हणजे केलं गेलं, असं होत नाही. एलाबद्दलचा सर्वांत जवळचा साक्षीदार क्रॉनिकलच आहे.

मातीतला पुरावा

रॅग्नारची एकही वस्तू सापडलेली नाही. त्या मोठ्या सैन्याच्या खुणा मात्र सापडल्या आहेत. १९६०च्या दशकात पीटर सॉयर यांनी हे सैन्य काही शेकड्यांचंच असावं, असा युक्तिवाद केला होता. लिंकनशरमधल्या टॉर्क्सी इथल्या ८७२-८७३च्या हिवाळी छावणीने चित्र बदललं. सुमारे ५५ हेक्टरांवर पसरलेल्या या जागी हजारो वस्तू मिळाल्या. त्यांत वजनं आहेत, तुकडे केलेली चांदी आहे आणि शंभराहून अधिक अरबी दिरहमही आहेत. इथे योद्ध्यांबरोबर कारागीर होते, व्यापारी होते, बहुधा बायकामुलंही होती. ते एक फिरतं गावच होतं.

पुढचा हिवाळा, ८७३-८७४, या सैन्याने डर्बीशरमधल्या रेप्टनला काढला. मार्टिन बिडल आणि बिर्थे क्योल्बी-बिडल यांनी १९७० आणि ८०च्या दशकांत तिथे उत्खनन केलं. एका सामूहिक दफनात किमान २६४ माणसांची हाडं मिळाली. रेडिओकार्बन चाचणीत काही हाडं फार जुनी निघाली आणि शंका उभी राहिली. २०१८ साली कॅट जार्मन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की मासे जास्त खाणाऱ्यांच्या हाडांचं वय चाचणीत वाढीव दिसतं. ती दुरुस्ती केल्यावर सगळी हाडं नवव्या शतकाच्या उत्तरार्धाशी जुळली.

याच रेप्टनमध्ये अकीकाचा एक नारिंगी मणी मिळाला. तो बहुधा गुजरातेतून निघून बगदाद आणि पूर्व युरोपातल्या नद्यांच्या वाटेने इंग्लंडपर्यंत आला असावा, असं जार्मन यांनी मांडलं आहे. दिरहम आणि मणी यांची ही वाट गुलामांच्या व्यापाराचीही वाट होती. किनाऱ्यावरच्या मठांतून आणि गावांतून पकडून नेलेली माणसं विकून चांदी येत होती. सागेत या माणसांना नाव नाही. कुणाच्या बापाला सापांच्या खड्ड्यात टाकलं, यापेक्षा या माणसांचं काय झालं, हा मला जास्त जिव्हाळ्याचा प्रश्न वाटतो.

वारसा

आख्यायिकेचा पहिला लाभ वंशावळींना झाला. नॉर्वेचा राजा हाराल्ड फेअरहेअर रॅग्नारच्या मुलाचा वंशज ठरवला गेला. आइसलँडच्या हाउक एर्लेंडसनने चौदाव्या शतकाच्या आरंभी आपल्या संग्रहात रॅग्नारच्या मुलांची कथा घेतली आणि स्वतःची वंशरेषाही रॅग्नारपर्यंत नेली. दुसरा लाभ काव्याला झाला. रॅग्नार सापांमध्ये मरताना आपल्या लढाया आठवतो अशी कल्पना करून बाराव्या शतकात रचलेलं क्राकुमाल हे काव्य १६३६ साली ओले वॉर्म या डॅनिश विद्वानाने लॅटिन भाषांतरासह छापलं. १७६३ साली थॉमस पर्सीने ते इंग्रजीत आणलं. मरणाला हसत सामोरा जाणारा व्हायकिंग ही युरोपीय कल्पना मोठ्या प्रमाणात याच काव्यातून आली. व्हायकिंग शत्रूंच्या कवट्यांतून मद्य पितात हा समजही याच्या चुकीच्या लॅटिन भाषांतराने पसरवला. मूळ काव्यात प्याले शिंगांचे आहेत.

विसाव्या शतकात चित्रपटाने ही सूत्रं उचलली. १९५८च्या ‘द व्हायकिंग्ज’मध्ये अर्नेस्ट बोर्गनाइनने रॅग्नार साकारला, पण सापांऐवजी लांडग्यांचा खड्डा आला. २०१३ ते २०२० दरम्यानच्या ‘व्हायकिंग्ज’ या दूरदर्शन मालिकेने ट्रॅव्हिस फिमेलच्या रूपात त्याला शेतकरी, समुद्रशोधक आणि चिंतनशील राजा केलं. पॅरिसची स्वारी, लागेर्था, आस्लॉग, एला हे सगळे धागे एका माणसाभोवती गुंफले. ७९३च्या लिंडिसफार्नच्या हल्ल्यापासून ८६०च्या दशकापर्यंतचा काळ एका आयुष्यात कोंबला. साक्सो आणि सागाकारांनी जे केलं, तेच या मालिकेने केलं. प्रत्येक पिढी आपल्याला हवा तसा रॅग्नार घडवते. बाराव्या शतकाला सम्राट हवा होता, तेराव्याला सूडाचं कारण, अठराव्याला उदात्त रानटीपणा. आपल्या काळाला मनाने आधुनिक असलेला बंडखोर हवा आहे.

या कथेवर प्रेम करायला माझी हरकत नाही. आस्लॉगसारखं पात्र निर्माण करणाऱ्या कवींचं ऋण मानलंच पाहिजे. पण कथा आणि नोंद यांची जागा वेगळी ठेवायला हवी, आणि त्याचं कारण केवळ पांडित्याचं नाही. आक्रमणाला अन्यायाचा पूर्वेतिहास जोडण्याची सवय नवव्या शतकात सुरू झाली नाही आणि तिथे संपलीही नाही. प्रत्येक विजेत्याला एक छळलेला बाप सापडतो. तो सापडला की विचारावं, की तो किती वर्षांनी सापडला, कुणी शोधला आणि त्याच्या नावाने कुणाची जमीन गेली. रॅग्नारच्या बाबतीत या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देता येतात. म्हणूनच, तो स्वतः होऊन गेला असो वा नसो, त्याचा अभ्यास इतिहासाच्या विद्यार्थ्याला इतकं शिकवतो.